गरम आमटीने डबा का वाकतो?

सपाट शीट तापवून तिला आकार देण्याच्या ‘थर्मोफॉर्मिंग’ पद्धतीने चहाच्या कपापासून पक्षाघाताच्या रुग्णाच्या स्प्लिंटपर्यंत अनेक वस्तू घडतात. ज्या उष्णतेने त्या घडतात, तीच त्यांना बिघडवतेही. हे सूत्र समजले की कशात काय गरम घ्यावे आणि काय घेऊ नये, हे आपोआप कळते.

सोलापुरातून अक्कलकोटकडे निघाले की लागणारी अक्कलकोट रोड एमआयडीसी ओळखली जाते ती यंत्रमागांसाठी, टॉवेल आणि चादरींसाठी. पण याच वसाहतीतल्या एखाद्या कामगाराचा दिवस डोळ्यांसमोर आणला, तर त्यात कापडाखेरीज आणखी एक गोष्ट वारंवार हाताशी येते. चहाच्या ग्लासावरचे झाकण, खानावळीतून पार्सल आलेल्या आमटीचा पातळ डबा, दह्याची वाटी, डोकेदुखीच्या गोळ्यांची स्ट्रिप, गावाकडच्या शेतासाठी नर्सरीतून आणलेल्या मिरचीच्या रोपांचा ट्रे. दिसायला वेगवेगळ्या असलेल्या या वस्तूंचा जन्म बहुधा एकाच पद्धतीने झालेला असतो. त्या सगळ्या आधी सपाट शीट होत्या. कुणीतरी ती शीट तापवली, मऊ केली, साच्यावर ओढली आणि थंड केली.

या पद्धतीला थर्मोफॉर्मिंग म्हणतात. बादली, खुर्ची किंवा जाड झाकणाचा डबा तयार करताना प्लॅस्टिक पूर्ण वितळवून बंद साच्यात दाबाने भरतात. ते इंजेक्शन मोल्डिंग. थर्मोफॉर्मिंगमध्ये प्लॅस्टिक पातळ होऊन वाहत नाही, फक्त लवचिक होते. त्यामुळे साचा स्वस्त पडतो, काम झटपट होते आणि वस्तू अतिशय पातळ करता येते. एकदा वापरून फेकायच्या वस्तूंमध्ये या पद्धतीचा एवढा बोलबाला आहे तो यामुळेच.

मांडे, द्रोण आणि हवेचा दाब

ही क्रिया आपल्या स्वयंपाकघराला अगदीच परकी नाही. मांडे करणारी बाई कणकेचा गोळा हातावर झेलत पातळ करते आणि उपड्या खापरावर पसरते. मऊ पदार्थ उंचवट्यावर टाकला की तो स्वतःच्या वजनाने त्याचा आकार घेतो. तापलेली शीट उंचवट्याच्या साच्यावर अशीच अंथरण्याच्या प्रकाराला ड्रेप फॉर्मिंग म्हणतात. द्रोण-पत्रावळीच्या यंत्रात दोन गरम साच्यांमध्ये कागद किंवा पाने दाबतात. तसाच नर-मादी साच्यांचा प्रकार प्लॅस्टिकसाठीही आहे.

सर्वांत जास्त वापर मात्र व्हॅक्यूम फॉर्मिंगचा होतो. शीट चौकटीत चारही बाजूंनी घट्ट धरतात. वरखाली हीटर असतात. शीट मऊ होऊन मध्यभागी थोडी झोळ पडली की साचा तिला भिडवतात आणि साच्याच्या बारीक छिद्रांतून आतली हवा खेचून घेतात. इथे आपण म्हणतो ‘व्हॅक्यूमने ओढले’. प्रत्यक्षात व्हॅक्यूम काहीच ओढत नाही. खालची हवा काढल्यावर वरची हवा शीटला ढकलते. आपल्या डोक्यावरच्या वातावरणाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो असतो. म्हणजे एक चौरस फूट शीटवर नऊशे किलोच्या आसपास भार येतो, तोही फुकट.

या फुकट भाराला मर्यादा आहे. कितीही चांगला पंप लावला तरी वातावरणाच्या दाबापेक्षा जास्त जोर मिळत नाही. बारीक अक्षरे, धारदार कोपरे किंवा स्पष्ट नक्षी हवी असेल, तर वरून दाबाखालची हवा सोडावी लागते. तो प्रेशर फॉर्मिंग. खोल कप करायचा असेल, तर हवेआधी एक लाकडी किंवा प्लॅस्टिकचा दट्ट्या शीटला साच्यात खोलवर नेतो आणि मग हवा उरलेले काम करते. त्याला प्लग असिस्ट म्हणतात. शीट साच्याशिवाय नुसत्या हवेने फुगवली की घुमट तयार होतो. दोन शीट एकाच वेळी घडवून कडेला चिकटवल्या की पोकळ वस्तू मिळते.

पातळ होते ते कुठे?

शीटमधून कप होताना नवे प्लॅस्टिक कुठूनही येत नाही. आहे तेच ताणले जाते. साधा हिशेब करून पाहू. सात सेंटीमीटर व्यासाचा, नऊ सेंटीमीटर खोल, सरळ भिंतीचा ग्लास घ्या. त्याच्या तोंडाएवढ्या शीटचे क्षेत्रफळ ३८ चौरस सेंटीमीटरच्या थोडे वर भरते. तयार ग्लासच्या तळाचे आणि भिंतींचे मिळून क्षेत्रफळ होते सुमारे २३६ चौरस सेंटीमीटर. म्हणजे सहापट ताण. एक मिलिमीटर जाडीच्या शीटची सरासरी जाडी उरते ०.१६ मिलिमीटर.

ही झाली सरासरी. शीटचा जो भाग साच्याला आधी टेकतो तो तिथेच थंड होऊन थांबतो आणि पुढचा सगळा ताण उरलेल्या भागावर येतो. खोलगट साच्यात सर्वांत शेवटी पोहोचतो तो तळाचा कोपरा. म्हणून तिथे भिंत सर्वांत पातळ होते. स्वस्त ग्लास दाबला की चिरतो किंवा गळतो तो बहुतेक वेळा याच जागी. प्लग असिस्टचा दट्ट्या लागतो तो याच कोपऱ्यापर्यंत पुरेसे प्लॅस्टिक पोहोचवण्यासाठी.

प्लॅस्टिकची आठवण

आता मूळ प्रश्न. आमटीने डबा वाकतो तो वितळल्यामुळे, असे आपण समजतो. बहुतेक वेळा तसे नसते. प्लॅस्टिक म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. शीट तापवली की साखळ्या हलू लागतात, ताणली की एका दिशेने सरळ होतात. पण गुंता सुटत नाही. त्याच अवस्थेत पटकन थंड केले की त्या ताणलेल्या स्थितीत गोठतात. ताण तसाच आत कोंडलेला राहतो. पुन्हा पुरेशी उष्णता मिळाली की साखळ्या मोकळ्या होतात आणि मूळ जागी परतू पाहतात. कप आखडतो, डब्याच्या भिंती आत येतात आणि वस्तू पुन्हा सपाट शीट व्हायला निघते. तंत्रज्ञ याला प्लॅस्टिकची मेमरी म्हणतात.

‘पुरेशी उष्णता’ प्रत्येक प्लॅस्टिकची वेगळी असते. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात जो आकडा असतो, तो इथे कामाला येतो.

आकडा १ म्हणजे पीईटी. द्राक्षांच्या निर्यातीत वापरतात ते अर्ध्या किलोचे पारदर्शक पनेट, फळांचे आणि केकचे चकचकीत डबे साधारण याचेच. हे ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ पडू लागते. थंड पदार्थांना उत्तम, गरम पदार्थांना अजिबात नाही.

आकडा ६ म्हणजे पॉलिस्टायरिन. कडक, ठिसूळ, दाबले की कडकन वाजणारे. रोपवाटिकेतले ट्रे, काही दह्याच्या वाट्या, कपांची काही झाकणे याची असतात. फुगवलेले पॉलिस्टायरिन म्हणजे थर्माकोल. हे शंभर अंशांच्या आसपास मऊ होते.

आकडा ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. थोडे दुधट, लवचिक. ते १६० अंशांच्या आसपास वितळते. त्यामुळे गरम पदार्थांसाठी या तिघांमध्ये हेच योग्य. तरीही पातळ घडवलेल्या डब्यात ताण कोंडलेला असल्याने तो वितळण्याच्या बराच आधी आकार सोडू शकतो. कढईतून काढलेली भजी शंभर अंशांहून खूप जास्त तापलेली असतात. ती थेट या डब्यातही टाकू नयेत.

मक्यासारख्या पिकांपासून केलेले पीएलए हे ‘कंपोस्ट होणारे’ प्लॅस्टिक तर ५५ ते ६० अंशांनाच नरम पडते. नुकताच ओतलेला चहा साधारण ८० अंशांचा असतो.

डबा वाकला म्हणजे काय झाले?

डब्याचा आकार बिघडणे ही डोळ्यांना दिसणारी खूण आहे. न दिसणारी गोष्ट अशी की, उष्णतेने साखळ्या हलू लागल्या की त्यांच्यात अडकलेले छोटे रेणूही बाहेर पडायला मोकळे होतात. पॉलिस्टायरिनमध्ये उरलेले स्टायरिन, पीईटी तयार करताना वापरलेल्या अँटिमनीचे अंश, मऊपणासाठी किंवा रंगासाठी घातलेली द्रव्ये यांचे अन्नात उतरण्याचे प्रमाण तीन गोष्टींनी वाढते. तापमान जास्त असणे, अन्न तेलकट असणे आणि ते जास्त वेळ डब्यात राहणे. आपला तर्रीदार रस्सा या तिन्ही परीक्षा एकदम घेतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरिनला ‘मानवात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले. हे वर्गीकरण प्रामुख्याने कारखान्यांत वर्षानुवर्षे मोठ्या प्रमाणात वाफा घेणाऱ्या कामगारांच्या आणि प्राण्यांवरील अभ्यासांवर आधारलेले आहे. त्यावरून एक कप चहाने आजार होतो असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. पण जो संपर्क रोज, विनाकारण आणि सहज टाळता येण्याजोगा आहे, तो टाळणेच शहाणपणाचे. भारतात अन्नाच्या संपर्कातील प्लॅस्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या एकूण द्रव्यांची मर्यादा एफएसएसएआयच्या २०१८ च्या नियमांनी दर किलोला ६० मिलिग्रॅम ठरवली आहे. मान्यताप्राप्त डबाही ज्या वापरासाठी तपासला गेला त्याच वापरात सुरक्षित मानायचा असतो. थंड फळांसाठीचा डबा रश्श्यासाठी वापरला की तपासणीचा अर्थ उरत नाही.

कागदी कप हा निर्धोक पर्याय, असेही मानायचे कारण नाही. त्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की ८५ ते ९० अंशांचे १०० मिलिलिटर पाणी अशा कपात १५ मिनिटे ठेवले, तर सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लॅस्टिक कण पाण्यात उतरतात. त्यांचे शरीरावरील परिणाम अभ्यासले जात आहेत. तोवर काचेचा किंवा स्टीलचा ग्लास हेच साधे उत्तर.

गोळीभोवतीचा बुडबुडा

याच तंत्राची दुसरी बाजू औषधाच्या दुकानात दिसते. पारदर्शक खळग्यात बसलेली आणि मागून फॉइल दाबून काढायची गोळी म्हणजे ब्लिस्टर पॅक. पाव मिलिमीटर जाडीची पीव्हीसी शीट तापवून तिला हवेच्या दाबाने खळगे पाडतात, गोळी ठेवतात आणि वरून ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवतात. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेली चंदेरी स्ट्रिप मात्र न तापवता, थंड दाबाने घडवलेली असते. ती ओलाव्याला जास्त जपणाऱ्या औषधांसाठी.

खळगा म्हणजे छोटा कपच. त्यामुळे त्याच्याही कोपऱ्यात शीट पातळ होते आणि ओलावा शिरायचा तर तिथून शिरतो. शीट किती ताणायची, वर आणखी कोणता थर द्यायचा हे औषध किती नाजूक आहे यावर ठरते. घरी याचा अर्थ इतकाच की गोळ्या आधीच फोडून डबीत भरून ठेवू नयेत, स्ट्रिप कापताना खळग्याला कात्री लागू देऊ नये आणि उन्हाळ्यात गोळ्या मोटारीत ठेवू नयेत. सोलापुरात पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो तेव्हा उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत, विशेषतः डॅशबोर्डवर, तापमान ७० अंशांच्या घरात जाऊ शकते. औषधांवर तर बहुधा २५ किंवा ३० अंशांखाली ठेवण्याची सूचना छापलेली असते.

पायाला आधार, चेहऱ्याला साचा

पक्षाघातानंतर अनेकांना चालताना पाऊल उचलता येत नाही. बोटे जमिनीला घासतात आणि माणूस पडतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचे पाऊल ताठरते. अशांना पोटरीपासून तळपायापर्यंत बसणारी प्लॅस्टिकची स्प्लिंट देतात. पोलिओच्या काळातले लोखंडी पट्ट्या आणि चामड्याचे जड कॅलिपर आठवत असेल, त्याची जागा बऱ्याच ठिकाणी हिने घेतली आहे. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेसारख्या केंद्रांत हे काम चालते.

पद्धत तीच. रुग्णाच्या पायाचे प्लास्टरमध्ये माप घेतात, त्यावरून पायाची प्लास्टरची प्रतिकृती करतात. काही मिलिमीटर जाडीची पॉलिप्रॉपिलीनची शीट ओव्हनमध्ये तापवतात. दुधट शीट काचेसारखी पारदर्शक दिसू लागली की ती तयार झाली, ही कारागिराची खूण. मग ती प्रतिकृतीवर लपेटून हवा खेचून घेतात. चहाच्या कपासाठी साच्यात एकसारखे लाखो नग निघतात. इथे साचा एका माणसाचा आणि नगही एकच.

डोके-मानेच्या कर्करोगात रेडिएशन देताना रुग्ण जराही हलून चालत नाही. त्यासाठी जाळीदार प्लॅस्टिकची शीट साधारण ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात मऊ करून, थोडी निववून चेहऱ्यावर अंथरतात. काही मिनिटांत ती चेहऱ्याच्या आकारात घट्ट होते. पुढच्या प्रत्येक उपचाराला तोच मुखवटा चेहरा त्याच जागी धरतो. हाताच्या काही स्प्लिंटही अशाच कमी तापमानाला मऊ होणाऱ्या प्लॅस्टिकच्या असतात. दात सरळ करणारे पारदर्शक अलायनर हीदेखील साच्यावर दाबलेली पातळ शीटच.

इथे प्लॅस्टिकची आठवण गुणही ठरते आणि दोषही. हाताची स्प्लिंट नीट बसली नाही, तर पुन्हा गरम पाण्यात टाकून नव्याने घडवता येते. पण तीच स्प्लिंट उन्हाळ्यात गाडीत विसरली, तर वाकडी होते आणि चुकीच्या जागी दाब देऊ लागते. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी स्प्लिंट काढल्यावर रोज त्वचा पाहावी. लाल डाग काही वेळात गेला नाही, तर तज्ज्ञाला दाखवावे. अलायनर लावून गरम चहा पिऊ नये.

यंत्रापुढे उभा असलेला माणूस

वस्तू वापरणाऱ्याला ८० अंशांची चिंता असेल, तर घडवणारा त्याहून तापलेल्या यंत्रापुढे आठ-दहा तास उभा असतो. पॉलिस्टायरिनची शीट घडवण्यासाठी ती दीडशे अंशांच्या पुढे न्यावी लागते. हीटर तर त्याहून कितीतरी तापलेले असतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ही भर पडली की उष्माघाताचा धोका खरा असतो. थंड पिण्याचे पाणी, ठरावीक विश्रांती आणि शेडमध्ये खेळती हवा ही सवलत नव्हे, कामाची गरज आहे.

शीट गरजेपेक्षा जास्त तापली की वाफा सुटतात. पॉलिस्टायरिनमधून स्टायरिन, तर पीव्हीसी जळली की घसा आणि डोळे चुरचुरवणारा हायड्रोजन क्लोराइड. वास येऊ लागला म्हणजे तापमान हाताबाहेर गेले, असे समजावे. हीटरवर धूर ओढून घेणारी सोय हवी. कप कापणाऱ्या पात्याजवळचे संरक्षक आवरण काम लवकर व्हावे म्हणून काढून ठेवणे म्हणजे बोटे गमावण्याचे आमंत्रण.

आणि आग. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत मालकाच्या कुटुंबातील माणसे आणि कामगार मिळून आठ जणांचा मृत्यू झाला. तो कारखाना कापडाचा होता. पण प्लॅस्टिक शीटचे गठ्ठे, कापल्यावर उरलेली जाळी आणि तापलेले हीटर एकाच शेडमध्ये असतील, तर धोका कमी नाही. पॉलिस्टायरिन काळाकुट्ट धूर करत जळते आणि धुरात काही क्षणांत दार दिसेनासे होते. माल हीटरपासून दूर ठेवणे, दुसरी वाट मोकळी ठेवणे आणि कारखान्यात कुणी राहत-झोपत नाही याची खात्री करणे, ही तीन कामे कोणत्याही नव्या यंत्राआधीची आहेत.

उरलेली जाळी, उरलेला कप

चौकोनी शीटमधून गोल कप कापले की कपांच्या मधली जागा उरतेच. सरळ रांगांत कप अगदी खेटून मांडले, तरी २१ टक्के शीट जाळीच्या रूपात शिल्लक राहते. कारखाना ती दळून पुन्हा वापरतो, कारण ती स्वच्छ आणि एकाच जातीची असते. वापरलेल्या कपाचे नशीब तसे नसते. तो खरकटा, वजनाला नगण्य आणि इतर कचऱ्यात मिसळलेला असल्याने कचरावेचकालाही परवडत नाही. काळे ट्रे तर यंत्राने वेगळे करणेही अवघड, कारण त्यांची जात ओळखणारे किरण काळा रंग शोषून घेतो.

महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या एकदा वापरायच्या ताट-वाट्यांवर बंदी आणली. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लॅस्टिकचे कप, ग्लास, ताटल्या आणि ट्रे यांवर बंदी आहे. ती या न परवडणाऱ्या कचऱ्यामुळेच. औषधाची स्ट्रिप आणि रुग्णाची स्प्लिंट या बंदीत नाहीत, नसाव्यातही. प्रश्न तंत्राचा नसून ते कशासाठी वापरायचे याचा आहे.

सोलापूर हा साखर कारखान्यांचाही जिल्हा. उसाच्या चिपाडाचा लगदा जाळीवर व्हॅक्यूमने ओढून गरम साच्यात दाबला की ताटल्या आणि वाट्या तयार होतात. म्हणजे पद्धतीचे तत्त्व जवळजवळ तेच, फक्त प्लॅस्टिक नाही. तेल झिरपू नये म्हणून अशा काही ताटल्यांत पीएफएएस गटाची रसायने घालतात. त्यामुळे विकत घेताना ती नसल्याची विचारणा करावी.

एवढे लक्षात ठेवा

* पार्सल घेताना घरचा स्टीलचा डबा न्या. तो नसेल आणि प्लॅस्टिकच घ्यावे लागले, तर तळाचा आकडा ५ आहे का ते पाहा. आकडा नसेल, तर गरम पदार्थ त्यात घेऊ नका.
* घरी आल्यावर रस्सा, आमटी लगेच स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात काढा.
* पार्सलचा पातळ डबा मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. मायक्रोवेव्हसाठी योग्य अशी खूण असेल तरच ठेवा.
* आकार बिघडलेला डबा पुन्हा अन्नासाठी वापरू नका.
* गोळ्या, स्प्लिंट आणि अलायनर उन्हापासून आणि चुलीपासून दूर ठेवा.
* प्लॅस्टिक जाळू नका, शेकोटीत तर मुळीच नाही.